अंगठी कोणाची?

तलाक झाला की दोन घरांत वाद सुरू होतो तो आधी मुलांचा आणि मग दागिन्यांचा. मुलांविषयी, पोटगीविषयी, तोंडी तलाकविषयी आपण मराठीत पुष्कळ लिहिले आहे. हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली, तेव्हापासून ही चर्चा कधी थांबलेली नाही. परंतु मंगनीत बोटात घातलेली अंगठी, साचकच्या ताटातून आलेला हार, गळ्यातला काळ्या पोतीचा लच्छा, माहेरून आलेल्या बांगड्या यांचे तलाकनंतर काय करायचे, हा प्रश्न आपण घरातल्या वडीलधाऱ्यांवर आणि जमातीच्या बैठकीवर सोडून दिला. बैठकीत बहुधा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडे दागिना जातो आणि स्त्री रिकाम्या हाताने माहेरी येते.

हा प्रश्न आजचा नाही. त्याला चौदाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो इतिहास स्त्रीच्या विरोधात मुळीच नाही. आपल्या बैठकींत जे चालते ते धर्म म्हणून चालते, म्हणून हा इतिहास तपासणे आम्हांला आवश्यक वाटते.

सुरुवात एका अंगठीपासूनच करावी लागेल. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत सहल बिन साद यांच्याकडून आलेली एक हकीकत आहे. एका गरीब सहाबीला निकाह करायचा होता, पण मेहेर द्यायला त्याच्याजवळ काही नव्हते. घरी जाऊन काही मिळते का पाहा, लोखंडाची एखादी अंगठी का असेना, असे पैगंबरांनी त्याला सांगितले. तीही मिळाली नाही. त्याच्याजवळ नेसूचे एकच वस्त्र होते. अखेर त्याला कुरआनचा जो भाग येत होता तो पत्नीला शिकवावा, या मेहेरवर तो निकाह झाला. हकीकत बहुतेकांनी वाअजमध्ये ऐकलेली असते आणि तिचा उपयोग मेहेर कमी ठेवा हे सांगण्यासाठी होतो. पण तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. अंगठी लोखंडाची असली तरी ती द्यायची होती स्त्रीला, तिच्या बापाला नव्हे. जाहिलियतच्या काळात वधूची रक्कम वली घेत असे. ती स्त्रीच्या हातात द्या, असा हुकूम कुरआनच्या सूरह निसाच्या चौथ्या आयतीत आला. अरबस्तानातल्या त्या समाजात हा मोठा बदल होता. दिलेली वस्तू घरात आली, पण घराची झाली नाही. ती त्या स्त्रीची झाली.

फुकहांनी या हकीकतीचा अर्थ वेगवेगळा लावला. इमाम शाफई यांच्या मते मेहेरला किमान मर्यादा नाही. ज्या वस्तूला किंमत आहे ती मेहेर होऊ शकते. हनफी मजहबात मात्र मेहेर दहा दिरहमपेक्षा कमी असू नये. आपल्याकडच्या वजनात ही चांदी सुमारे ३०.६ ग्रॅम भरते. हनफी आलिम म्हणतात की लोखंडाची अंगठी म्हणजे संपूर्ण मेहेर नव्हे. निकाहच्या वेळी हातावर ठेवायची ती वस्तू होती. हा फरक महाराष्ट्राला जवळचा आहे, कारण रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि घाटावरचे, मराठवाड्यातले बहुसंख्य मुसलमान हनफी. म्हणजे दापोलीच्या मुलीची अंगठी आणि जालन्याच्या मुलीची अंगठी फिकहच्या पुस्तकात एकाच पानावर येत नाहीत. पुढे दिसेल की तलाकच्या वेळीही हा फरक उरतो.

तलाकच्या प्रसंगी दिलेले परत घेण्याबद्दल कुरआनची भूमिका स्पष्ट आहे. सूरह बकराच्या २२९ व्या आयतीत, तुम्ही त्यांना जे दिले त्यातले काही परत घेणे तुम्हांला हलाल नाही, अशी आज्ञा आहे. सूरह निसाच्या विसाव्या आयतीत तर एका पत्नीच्या जागी दुसरी करायची असेल आणि पहिलीला सोन्याची रास दिलेली असली तरी तिच्यातून काही काढून घेऊ नका, असे सांगितले आहे. परत घेण्याऐवजी निरोपाच्या वेळी स्त्रीला काही देऊन पाठवा, ही ‘मताअ’ची शिकवण बकराच्याच २४१ व्या आयतीत आहे. एक प्रसिद्ध रिवायत अशी की हजरत उमर यांनी मेहेरवर वरची मर्यादा घालण्याचा विचार मांडला, तेव्हा एका स्त्रीने ही सोन्याच्या राशीची आयत दाखवून त्यांना अडवले आणि खलिफांनी तिचे म्हणणे मान्य केले. या रिवायतीच्या सनदेबद्दल मुहद्दिसांत मतभेद आहेत. पण शतकानुशतके ती सांगितली गेली, यावरून मुस्लिम समाजाच्या मनात दागिन्यावरच्या स्त्रीच्या हक्काची जागा कोठे होती ते कळते.

याला अपवाद एकच, खुलअचा. साबित बिन कैस यांच्या पत्नीची हकीकत बुखारीत आहे. पतीच्या वागणुकीबद्दल किंवा दीनदारीबद्दल तिची तक्रार नव्हती. तिला त्याच्याबरोबर राहणे शक्य होत नव्हते, एवढेच. साबितने तिला मेहेर म्हणून बाग दिली होती. बाग परत करशील का, असे पैगंबरांनी विचारले. ती हो म्हणाली. मग बाग घेऊन तिला तलाक दे, असे साबितला सांगण्यात आले. आपल्याकडे या हकीकतीचा फार गैरवापर होतो. खुलअ मागणाऱ्या स्त्रीने अंगावरचे सगळे उतरवून दिले पाहिजे, अशी समजूत पसरलेली आहे. खरे तर त्या स्त्रीने परत दिली ती मेहेरची बाग. माहेरचे काही मागितले गेले नाही. हिदाया या हनफी ग्रंथात तर असे म्हटले आहे की पतीच्या छळामुळे स्त्री खुलअ मागत असेल तर त्याने तिच्याकडून काहीही घेणे मकरूह आहे, आणि दोष तिचा असला तरी मेहेरपेक्षा जास्त घेणे मकरूह आहे. हिदायाचा इंग्रजी अनुवाद चार्ल्स हॅमिल्टनने केला. तो १७९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कंपनी सरकारच्या न्यायाधीशांनी तो वापरला. म्हणजे ही गोष्ट कोठे दडलेली नव्हती. बैठकीत बसणाऱ्यांनी ती वाचली नाही, इतकेच.

आता मेहेरखेरीज दिलेल्या दागिन्यांकडे येऊ. लग्नात दागिना तीन वाटांनी येतो. एक वाट बापाच्या घरून, म्हणजे जहेज. दुसरी सासरची, म्हणजे साचक किंवा चढावा. तिसरी नातेवाइकांची, म्हणजे मुँहदिखाई, सलामी वगैरे. फिकहमध्ये या सर्वांना लागू होणारा प्रश्न एकच: वस्तू हिबा म्हणून दिली की आरियत म्हणून? हिबा म्हणजे बक्षीस, आरियत म्हणजे वापरायला दिलेली उसनी वस्तू. बापाने मुलीला जहेज दिले आणि नंतर ते उसने होते असा दावा केला तर निर्णय त्या प्रदेशाच्या उर्फवर, म्हणजे रूढीवर व्हावा, असे हनफी फुकहांनी लिहिले आहे. आपल्याकडे कोणता बाप मुलीला दागिना उसना देतो? जहेज हे मुलीचेच, याबद्दल रूढीत कधी शंका नव्हती.

वाद आहे तो सासरच्या चढाव्याचा. हनफी कायद्यात हिबा काही अटींवर परत मागता येतो, पण पती-पत्नींमधला हिबा परत मागता येत नाही. निकाहनंतर पतीने पत्नीला दिलेला दागिना तलाकनंतरही तिचाच राहतो, कारण दिला तेव्हाचे नाते पाहायचे, नंतरचे नव्हे. याच नियमाची दुसरी बाजू मंगनीच्या अंगठीला लागू पडते. अंगठी निकाहपूर्वी दिलेली असेल तर देणारा आणि घेणारी तेव्हा पती-पत्नी नव्हते. म्हणून हनफी चौकटीत ती परत मागण्याला तांत्रिक जागा राहते. पण तशी मागणी करणे अत्यंत हलके समजले गेले आहे. दिलेले परत मागणाऱ्याची तुलना हदीसमध्ये ओकलेले पुन्हा चाटणाऱ्या कुत्र्याशी केलेली आहे. शाफई मजहबात तर ही जागाच नाही. तेथे दिलेली आणि ताब्यात गेलेली भेट परत मागण्याचा हक्क आईबापांसारख्या वडीलधाऱ्यांपुरता आणि तोही आपल्या संततीकडून. म्हणजे कोकणातल्या शाफई घरात चढावा परत मागणाऱ्याला मजहबचा आधार सापडत नाही.

मग सासरचे काय म्हणतात? ते म्हणतात, आम्ही दागिना घालायला दिला होता, मालकीने दिला नव्हता. हे आरियतचे म्हणणे. ते खरे असेल तर एक कसोटी लावून पाहावी. हनफी मजहबात वापरातल्या सोन्यावरही जकात आहे. निसाब साडेसात तोळे, म्हणजे ८७.४८ ग्रॅम. दर रमजानमध्ये घरात जकातीचा हिशेब होतो तेव्हा सुनेच्या अंगावरचा हार सासऱ्याच्या हिशेबात धरला जातो का? बहुतेक घरांत उत्तर येते की तो तिचा आहे, तिचे तिने पाहावे. जकातीच्या वेळी तिचा आणि तलाकच्या वेळी आमचा, असा दागिना शरियतच्या कोणत्याही किताबात नाही.

इद्दतीच्या काळातल्या दागिन्यांविषयीही फुकहांनी बारकाईने लिहिले आहे. तलाक रजई असेल, म्हणजे पतीला अजून परत घेण्याचा हक्क असेल, तर त्या स्त्रीने साजशृंगार करण्यास हनफींची हरकत नाही. उलट त्यातून पतीचे मन वळावे अशी अपेक्षा आहे. म्हणजे रजई तलाकमध्ये अंगठी बोटातच राहते, कारण निकाह अजून पुरता तुटलेला नसतो. तलाक बाइन झाला तर हनफींच्या मते इद्दत संपेपर्यंत दागिने उतरवावेत, गेलेल्या निकाहचे दुःख म्हणून. शाफई मजहबात तलाकवाल्या स्त्रीवर ते बंधन नाही. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे: दागिना उतरवणे म्हणजे तो परत करणे नव्हे. आपल्या लोकांनी मात्र या दोहोंची गल्लत केली. इद्दतीला बसवताना जे उतरवले ते सासूच्या कपाटात गेले आणि तेथेच राहिले.

या कपाटाला कायद्याने हात घालायला बराच काळ लागला. इंग्रजी अमलात मुसलमानांचे व्यवहार अनेक ठिकाणी रूढीप्रमाणेच चालत. मुंबईत १८४७ साली सर अर्स्किन पेरी यांनी खोजा आणि मेमन यांच्या वारसाहक्काच्या दाव्यांत कुरआनच्या कायद्याऐवजी मुलींना वगळणारी रूढी मान्य केली. तो निकाल या शहरातल्या मुस्लिम स्त्रियांच्या मालमत्तेवर दीर्घकाळ सावली धरून होता. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढीला बाजूला सारले. त्या कायद्याच्या दुसऱ्या कलमात निकाह, तलाक, मेहेर, खुलअ, हिबा यांच्या जोडीने स्त्रियांच्या खास मालमत्तेचाही उल्लेख आहे, आणि करारातून किंवा बक्षिसातून मिळालेली मालमत्ता तीत धरलेली आहे. म्हणजे अंगठीला कायद्यात नाव मिळाले ते १९३७ मध्ये.

दोन वर्षांनी, १९३९ च्या मुस्लिम विवाह-विच्छेद कायद्याने आणखी पुढचे पाऊल टाकले. स्त्रीला न्यायालयातून निकाह तोडून मागण्याची कारणे त्यात दिली आहेत. छळाच्या कारणात मारहाणीबरोबर असेही म्हटले आहे की पतीने तिच्या मालमत्तेची विल्हेवाट लावली किंवा तिला तिचा हक्क बजावू दिला नाही, तर तो छळ होय. पत्नीच्या बांगड्या तिच्या मर्जीविरुद्ध गहाण टाकणारा किंवा विकणारा पती कायद्याच्या दृष्टीने पत्नीला छळणारा ठरू शकतो, ही गोष्ट आपल्या किती बहिणींना ठाऊक आहे? याच कायद्याच्या पाचव्या कलमाने, निकाह तुटला तरी मेहेरचा हक्क तुटत नाही, हेही सांगून ठेवले.

स्वातंत्र्यानंतर चर्चेचा रोख पोटगीकडे गेला. मुंबईच्या बाई ताहिरा यांच्या १९७९ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच हजारांचे मेहेर आणि १८० रुपये इद्दतीचा खर्च दिला म्हणून पतीची जबाबदारी संपत नाही, असे सांगितले. शाहबानो खटल्यातही पतीने तीन हजार रुपये मेहेर भरून हात झटकण्याचा प्रयत्न केला होता. १९३२ साली झालेल्या निकाहचे मेहेर १९७८ च्या तलाकनंतर रुपयांत मोजले गेले. सेहेचाळीस वर्षांत रुपयाचे काय झाले, ते सांगायला नको. तेच मेहेर सोन्यात असते तर ती वृद्ध स्त्री इतकी उघडी पडली नसती. २३ एप्रिल १९८५ च्या निकालानंतर जे वादळ उठले ते सर्वांना माहीत आहे.

त्या वादळातून १९८६ चा मुस्लिम महिला (घटस्फोटानंतरच्या हक्कांचे संरक्षण) कायदा आला. सुधारणावाद्यांनी त्याला विरोध केला आणि त्याला कारणेही होती. पण त्या विरोधाच्या धुरळ्यात तिसऱ्या कलमाचा एक भाग झाकला गेला. निकाहपूर्वी, निकाहच्या वेळी किंवा नंतर स्त्रीला तिच्या नातेवाइकांनी, मित्रांनी, पतीने, पतीच्या नातेवाइकांनी किंवा मित्रांनी दिलेली सर्व मालमत्ता तलाकनंतर तिला मिळाली पाहिजे, असे तो भाग सांगतो. चढावा आला, जहेज आले, मुँहदिखाई आली, मंगनीची अंगठीही आली. हिबा की आरियत, हा जुना घोळ येथे पुष्कळ अंशी मिटतो. स्त्रीने दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याने एक महिन्यात निर्णय द्यायचा, आणि आदेश न पाळणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००० मध्ये आणि डॅनियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये या कायद्यातील वाजवी तरतुदीचा अर्थ स्त्रीच्या भविष्याची सोय असा लावला. त्या निकालांची चर्चा झाली. दागिन्यांच्या पोटकलमाची झाली नाही.

ती अलीकडे झाली. २ डिसेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका घटस्फोटितेच्या प्रकरणात निकाल दिला. तिच्या बापाने लग्नात जावयाला सात लाख रुपये आणि ३० भरी सोने दिल्याची नोंद होती. उच्च न्यायालयाने तिची मागणी फेटाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. वस्तू जावयाच्या हातात ठेवली म्हणून ती मुलीची राहत नाही असे नाही. कायद्याचा अर्थ समानता, प्रतिष्ठा आणि स्त्रीचे स्वातंत्र्य डोळ्यांपुढे ठेवून लावला पाहिजे, असा या निकालाचा आशय आहे. आपल्याकडच्या ‘जोडे की रकम’च्या संदर्भात हा निकाल महत्त्वाचा आहे. आम्ही तिचे समर्थन करत नाही. हुंडा घेणे १९६१ पासून गुन्हा आहे आणि इस्लाममध्ये त्याला आधार नाही. पण जे घेतले गेले आहे ते तलाकनंतर गिळून बसता येणार नाही, एवढे नक्की झाले.

या प्रकरणात आम्हांला सर्वांत बोलकी वाटते ती नोंद. लग्नाच्या रजिस्टरात लिहिलेले होते म्हणून पुढे बोलता आले. कागदाचे महत्त्व आपल्या पूर्वजांना कळत होते. सतराव्या शतकात सुरत बंदरातल्या मुसलमानांचे जे निकाहनामे उपलब्ध आहेत त्यांत मेहेरबरोबर पतीवर घातलेल्या अटी लिहिलेल्या आढळतात: दुसरी पत्नी करणार नाही, मारहाण करणार नाही, ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ खर्ची न देता दूर राहणार नाही, दासी ठेवणार नाही. व्यापारी माणसे ती. लिहिल्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही हे त्यांना ठाऊक होते. साडेतीनशे वर्षांनंतर आपण निकाहनाम्यात मेहेरचा एक आकडा टाकतो आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन बिर्याणीच्या पंगतीला बसतो. दागिन्यांची यादी कोणी करत नाही. करायला सांगितले तर अपशकुन समजतात. वास्तविक हुंडाबंदी कायद्याखालच्या १९८५ च्या नियमांनी वधू-वरांना मिळालेल्या भेटींची सही केलेली यादी ठेवायला सांगितले आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचे लहानमोठे सारे लिहून ठेवण्याची आज्ञा आहे. उधारीचे लिहायचे आणि मुलीच्या सोन्याचे लिहायचे नाही, हा कोठला न्याय?

अपशकुनावरून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. दागिना हातात आला तरी पुष्कळ स्त्रियांना तो नको असतो. तलाकवालीची अंगठी मनहूस, ती मुलीला घालू नये, तिचे सोने दुसऱ्या निकाहात वापरू नये, अशा समजुती घराघरांत आहेत. इस्लामने बदफालीला थारा दिलेला नाही. शिवाय आपल्या निकाहमध्ये अंगठी हा विधीचा भाग नाही. ईजाब-कबूल, साक्षीदार आणि मेहेर यांवर निकाह होतो. अंगठी घातल्याने तो बांधला जात नाही आणि उतरवल्याने तुटत नाही. म्हणून तलाकनंतर ती अंगठी केवळ सोने असते आणि ते सोने तिचे असते. तिने ती ठेवावी, मोडून मुलीसाठी कानातले करावे, विकून शिवणयंत्र घ्यावे, मुलाची फी भरावी, सदका करावी किंवा मनात आले तर परतही करावी. परत करणे ही तिची मर्जी असेल तर त्यात तिचा मान आहे. बैठकीने करवून घेतले तर ती लूट आहे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तीन तलाक अवैध ठरवला, २०१९ मध्ये तो गुन्हा झाला, आणि १० जुलै २०२४ रोजी तलाकशुदा मुस्लिम स्त्रीला फौजदारी कायद्यातली पोटगीही मागता येते, असा निर्वाळा मिळाला. कायदा आपल्या गतीने चालला आहे. पण दागिन्याचा निर्णय आजही न्यायालयात क्वचित आणि बैठकीत रोज होतो. तेव्हा जमातीच्या जाणत्या मंडळींनी, काझींनी आणि मुलींच्या आईबापांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ होईल. निकाहनाम्यात मेहेरच्या रकान्याखाली दागिन्यांची वजनासह यादी लिहावी आणि दोन्हीकडच्यांच्या सह्या घ्याव्यात. आणि तलाकची बैठक बसली तर पहिला प्रश्न, तिचे तिला मिळाले का, हा विचारावा. लोखंडाची अंगठीसुद्धा स्त्रीच्याच हातात ठेवायला सांगणाऱ्या पैगंबरांची आपण उम्मत आहोत. सोन्याची अंगठी तिच्या बोटातून ओढून काढणे आपल्याला शोभत नाही.